290 तासांचं इंजिन आणि आठ वर्षांचं मॅनिफोल्ड

बोट 26 फुटांची, मांडव्याजवळ मुरिंगवर, म्हणजे पाण्यातच बोयाला बांधून, उभी असायची. आत अमेरिकन बनावटीचं 5.7 लिटरचं पेट्रोल व्ही-8 इंजिन, मागे स्टर्नड्राइव्ह (बोटीच्या मागच्या टोकाला बसणारं पंख्याचं युनिट). आठ वर्षांपूर्वी नवीकोरी आयात झालेली. पहिल्या मालकाने पावसाळा सोडला तर ती कायम मुंबई बंदराच्या पाण्यातच ठेवली, पण फिरवली फार कमी. विकली तेव्हा अवर मीटरवर 290 तास होते. घेणारे गृहस्थ अलिबागचे डॉक्टर. गाड्यांची जाण असलेला माणूस, त्यामुळे 290 तासांचा आकडा बघून त्यांना वाटलं की इंजिन अजून अंगातही आलेलं नाही. डिसेंबरात समुद्रावर चाचणी घेतली, पूर्ण थ्रॉटलला बोट सुसाट गेली, आवाज स्वच्छ होता. व्यवहार झाला.

त्रास सुरू झाला जानेवारीच्या अखेरीस. संध्याकाळी बोट व्यवस्थित येऊन मुरिंगला लागायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर मारला की नुसता ‘टक्’ असा आवाज. तासाभराने परत मारला तर इंजिन फिरायचं, चालू व्हायचं, थोडा वेळ मिस मारायचं, मागून पांढरी वाफ यायची आणि मग सगळं सुरळीत. दर वेळी असं होईच असंही नाही. बोटीवरच्या तांडेलाने आधी बॅटरीची टर्मिनल्स घासली. मग बॅटरी बदलली. मग स्टार्टर मोटर बदलली. या प्रत्येक दुरुस्तीनंतर चार-सहा सकाळी बोट नीट चालू झाली, म्हणून प्रत्येक वेळी वाटलं की दोष सापडला.

बोट माझ्याकडे आली तेव्हा पहिलं काम केलं ते आठही प्लग काढण्याचं. खाऱ्या पाण्यातल्या कुठल्याही पेट्रोल इनबोर्डने (बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाने) सकाळी ‘टक्’ केलं, तर बॅटरीकडे जाण्याआधी प्लग काढावेत असं माझं ठाम मत आहे. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर स्टार्टरचा प्रत्येक दणका कनेक्टिंग रॉडवर बसतो. इथे सहा प्लग ठीक होते, पाचव्यावर थोडा तांबूस थर होता, आणि सातवा गंजून लाल झाला होता, त्याच्या चिनीमातीवर मिठाचे पांढरे ठिपके. डिपस्टिक काढली तर ऑईल खुणेच्या वर आणि दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेलं.

या इंजिनात डावीकडे पुढून मागे 1, 3, 5, 7 आणि उजवीकडे 2, 4, 6, 8 असे सिलिंडर असतात. म्हणजे खराबी डाव्या बाजूच्या अगदी मागच्या टोकाला होती. आणि याच टोकावर, मॅनिफोल्डच्या (त्या बाजूच्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या ओतीव भागाच्या) वर, रायझर (धूर वर नेणारा भाग) बसतो.

पाणी आत कसं जातं

ज्यांनी फक्त रस्त्यावरची इंजिनं पाहिली आहेत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळं प्रकरण या रचनेत दडलेलं आहे. बोटीचं इंजिन बंद लाकडी-फायबरच्या खोलीत असतं. 700-800 अंश सेल्सियसचा धूर वाहून नेणारी उघडी नळी तिथे ठेवता येत नाही, खाली पेट्रोल आहे. म्हणून एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दुहेरी भिंतीचं असतं: आतून धूर, बाहेरच्या कप्प्यातून समुद्राचं पाणी. मॅनिफोल्डमधून धूर आणि पाणी आपापल्या वाटेने वर रायझरमध्ये चढतात, तिथून एल्बो म्हणजे वाकड्या नळीवरून खाली वळतात, आणि वळण संपल्यावर पाणी धुरात मिसळून दोन्ही रबरी होजमधून बाहेर पडतात. हा सगळा ओतीव बिडाचा ऐवज आहे. रायझर उंच ठेवतात तो अशासाठी की मिसळलेलं पाणी किंवा मागून आलेली लाट उलटी इंजिनात शिरू नये.

मॅनिफोल्ड आणि रायझर यांच्यामध्ये एक सपाट सांधा असतो, त्यात पॅकिंग. जुन्या पद्धतीच्या ‘ओल्या’ सांध्यात धुराचं मोठं भोक मधोमध आणि पाण्याची भोकं त्याच्या भोवती, एकाच पॅकिंगमध्ये. दोघांमध्ये बिडाची जेमतेम काही मिलिमीटर रुंदीची पट्टी. समुद्र आणि सिलिंडर यांच्यामधला बांध तो एवढाच. डॉक्टरांच्या बोटीवर हाच सांधा होता.

इंजिन चालू असताना ही पट्टी फुटकी असली तरी फारसं कळत नाही. धुराचा दाब आणि वेग आत झिरपलेलं पाणी वर उडवून नेतो. खरा खेळ इंजिन बंद केल्यावर सुरू होतो. रायझरच्या कप्प्यात राहिलेलं पाणी सांध्याच्या वर असतं, ते सावकाश फटीतून धुराच्या वाटेत उतरतं, मॅनिफोल्डच्या तळाशी जमतं आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडा राहिला असेल त्यात शिरतं. म्हणून डिसेंबरच्या चाचणीत काही दिसलं नव्हतं. समुद्रावरची चाचणी चालत्या इंजिनाची असते. हा दोष उभ्या इंजिनाचा आहे.

‘कधी होतं, कधी होत नाही’ याचंही उत्तर इथेच आहे. इंजिन बंद होताना नेमकं कुठे थांबलं यावर पाणी सातव्यात जाणार, पाचव्यात जाणार, की मॅनिफोल्डमध्येच पडून राहून सकाळी धुराबरोबर बाहेर फेकलं जाणार, हे ठरत होतं. आणि तासाभराने स्टार्टर फिरायचा कारण तेवढ्या वेळात पाणी रिंगांच्या फटीतून खाली ऑईलमध्ये उतरलेलं असायचं. बॅटरी नवी घातल्याने काहीच बदललं नव्हतं.

पाणी किती लागतं? 5.7 लिटरला आठने भागलं तर एका सिलिंडरचं आकारमान साधारण 715 मिलिलिटर. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची आणि वर असतानाची जागा यांचं गुणोत्तर) 9.4 धरला तर पिस्टन अगदी वर असताना उरलेली जागा सुमारे 85 मिलिलिटर. पाणी दाबलं जात नाही. म्हणजे चहाच्या कपभर पाण्याचीही गरज नाही, इंजिन अडतं.

संशयित आणखी होते

फक्त प्लग बघून मॅनिफोल्ड बदलायला सांगणं घाईचं ठरलं असतं. हेड गॅस्केट गेलं असतं तरी पाणी सिलिंडरमध्ये आलं असतं. एक्झॉस्टच्या वाटेतल्या रबरी झडपा जळून गेल्या असतील आणि मुरिंगवर मागून लाटा आपटत असतील तरीही पाणी उलटं चढू शकतं. झडपा काढून पाहिल्या, शाबूत होत्या. उभ्या बोटीत रायझरची उंची पाण्याच्या रेषेपासून मोजली, पुरेशी होती.

मग डावा रायझर उतरवला. त्याआधी एक गोष्ट नजरेत भरली: सगळ्या बोल्टांच्या डोक्यांवर कारखान्यातला रंग अखंड होता, कुठेही पान्याची खूण नाही. विकणाऱ्याने हीच गोष्ट कौतुकाने दाखवली होती म्हणे, की इंजिनाला कोणी हातही लावलेला नाही. ते खरंच होतं. आठ वर्षं मॅनिफोल्डचा सांधा एकदाही उघडला गेला नव्हता.

सांधा उघडल्यावर शंका उरली नाही. पॅकिंगवर मागच्या बाजूला पाण्याच्या भोकापासून धुराच्या भोकापर्यंत गंजाची तपकिरी वाट उमटली होती, बोटाच्या नखाएवढी रुंद. तिथून खाली मॅनिफोल्डच्या आत ओघळ, आणि ओघळ सरळ सातव्याच्या पोर्टपर्यंत. हेड गॅस्केट गळत असतं तर ही वाट इथे नसती.

मॅनिफोल्ड काढून बेंचवर घेतलं, तोंडं बंद करून पाण्याच्या कप्प्यात 15 पीएसआय (दाबाचं एकक) हवा भरली, साबणाचं पाणी फिरवलं. एकही बुडबुडा नाही. बरेच जण इथे थांबतात, ‘मॅनिफोल्ड चांगलं आहे, पॅकिंग बदला’ म्हणतात आणि बोट परत देतात. पण ही परीक्षा भिंतीची आहे, सांध्याची नाही. आम्ही सांध्याच्या पट्टीवर चाकूचं टोक ओढलं. बीड काळं, मऊ, पेन्सिलीच्या शिशासारखं खरवडून आलं, काही ठिकाणी दोन मिलिमीटर खोल.

बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या पाकळ्यांच्या रूपात असतो. खाऱ्या पाण्यात त्यातलं लोखंड विरघळून निघून जातं आणि ग्रॅफाइटचा सांगाडा जागेवर राहतो. आकार तोच, रंग जवळजवळ तोच, ताकद मात्र संपलेली. डोळ्यांनी पाहून बीड ‘चांगलं’ ठरवणं म्हणूनच धोक्याचं आहे. अशा पट्टीवर कितीही महागाचं पॅकिंग बसवलं तरी ते पिठावर बसवल्यासारखं होतं.

उजवी बाजू अजून गळत नव्हती. पण तिची कथा वेगळी होती. इंजिन तपासायला थोडा वेळ चालवलं होतं तेव्हा इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही रायझर पाहिले होते. डाव्यावर हात ठेवता येत होता. उजवा हाताला चटका देत होता आणि त्याच्या पुढच्या रबरी होजला जळका वास होता. उघडल्यावर दिसलं की पाण्याची भोकं गंजाच्या पापुद्र्यांनी अर्धीअधिक बुजली आहेत. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून भिंत पातळ होत असतानाच वाट अरुंद होत जाते. एक बाजू गळून मरत होती, दुसरी तुंबून.

आठ वर्षं जास्त की कमी?

पुस्तकी हिशोब केला तर कोडं पडतं. शांत समुद्राच्या पाण्यात बीड वर्षाला साधारण 0.1 मिलिमीटर झिजतं असं धरतात. मॅनिफोल्डची भिंत पाच-सहा मिलिमीटरची. या हिशोबाने ती कित्येक दशकं टिकायला हवी. प्रत्यक्षात ओल्या सांध्याच्या बिडी मॅनिफोल्डचं खाऱ्या पाण्यातलं आयुष्य पाच ते सात वर्षं मानलं जातं, हेळसांड असेल तर तीन-चार. गोड्या पाण्याच्या तळ्यात तेच मॅनिफोल्ड पंधरा वर्षंही काढतं. रायझर बहुधा आधी जातात, मॅनिफोल्ड मागून.

फरक पडतो तो झीज सगळीकडे सारखी होत नाही म्हणून. गरम पाण्यात रासायनिक क्रिया वेगाने होते, आणि मॅनिफोल्डची भिंत एका बाजूने धुराने तापलेली असते. धुराच्या बाजूलाही सुटका नाही: पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, थंड भिंतीवर ती आम्लयुक्त दव होऊन बसते. सांध्याच्या फटीत पाणी साचून राहतं आणि तिथे खड्डे पडतात. मरण्यासाठी पूर्ण भिंत झिजावी लागत नाही, त्या अरुंद पट्टीवर एक चर पडली की पुरे.

यात मुंबई बंदर आणि रायगडच्या खाड्या आपली भर घालतात. आपलं पाणी कोमट आणि गाळाने भरलेलं. उधाणाच्या भरती-ओहोटीत तर पाण्याचा रंगच सांगतो की त्यात काय काय आहे. हा गाळ पंप ओढून घेतो, त्यातला इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) झिजवतो आणि मॅनिफोल्डच्या तळाशी जाऊन बसतो. गाळाखालचं लोखंड उघड्या लोखंडापेक्षा वाईट गंजतं.

आणि मग पावसाळा. जूनपासून ऑगस्टपर्यंत गेटवे-मांडवा प्रवासी वाहतूकच बंद असते, खाजगी बोटीही आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, वर ओढून शाकारल्या जातात. ही बोटही दर वर्षी ट्रॉलीवर घेत होते आणि ‘पाणी काढून’ ठेवत होते. आम्ही मॅनिफोल्डचा तळाचा ड्रेन प्लग काढला तेव्हा एक थेंबही आला नाही. तार घालून टोचल्यावर आधी काळा चिखल आला आणि मग पाणी. म्हणजे किती तरी पावसाळे प्लग काढला गेला, पाणी आलं नाही म्हणून रिकामं झालं असं समजून परत लावला गेला, आणि मीठ, गाळ आणि दमट हवा तीन-तीन महिने आत कोंडून राहिली. जे इंजिन रोज चालतं त्याच्या मॅनिफोल्डमधून निदान पाणी वाहत असतं. अर्धं भरलेलं, अर्धं हवेला उघडं, असं उभं राहणं हे बिडासाठी सगळ्यांत घातक.

म्हणूनच माझा आग्रह आहे की मॅनिफोल्डचं वय अवर मीटरवर वाचूच नये. ते खारं पाणी आत गेलं त्या तारखेपासून मोजावं. 290 तास आणि आठ वर्षं यांत डॉक्टरांसाठी महत्त्वाचा आकडा दुसरा होता. किंबहुना जुन्या बोटीवर तास इतके कमी असणं ही मला सावध करणारी गोष्ट वाटते, कारण उरलेला सगळा काळ ते इंजिन उभं होतं.

कोळीबांधवांच्या ट्रॉलरवर या दुखण्याची चर्चा फारशी ऐकू येत नाही, त्याचंही कारण आहे. तिथे डिझेल इंजिन असतं आणि एक्झॉस्ट बहुतेक कोरडा, सरळ नळीने वर जाणारा. त्या धुराच्या वाटेत समुद्राचं पाणी येत नाही. मालवण-तारकर्लीच्या पर्यटन बोटींना आउटबोर्ड असतात, त्या किनाऱ्यावर ओढून नळाच्या पाण्याने धुता येतात. मुरिंगवर तरंगणारी पेट्रोल इनबोर्ड ही मधली जात आहे, आणि तिची काळजी घेण्याची परंपरा आपल्याकडे रुजलेली नाही.

दुरुस्ती

कॉम्प्रेशन घेतलं. सहा सिलिंडर 155 ते 165 पीएसआय, पाचवा 140, सातवा 65. सातव्यात हवा सोडली तर ती दोन्हीकडून फुसफुसत होती: एक्झॉस्टमधून आणि ऑईल भरण्याच्या तोंडातून. व्हॉल्व्हची सीट आणि रिंगा, दोन्ही. डावं हेड उतरवलं. व्हॉल्व्हच्या कडेला गंजाचे खड्डे होते, आणि सिलिंडरच्या भिंतीवर पिस्टन जिथे थांबत होता तिथे गंजाचा गोल पट्टा. सुदैवाने तो खोल नव्हता. होनिंगमध्ये (सिलिंडरची भिंत घासून घेण्यात) गेला. सातव्याच्या रिंगा बदलल्या, दोन व्हॉल्व्ह बदलले, सीट घासून घेतल्या, बेअरिंगं उघडून पाहिली. ऑईल एकदा बदलून भागत नाही. दुधाळपणा पूर्ण जाईपर्यंत गरम करून परत परत बदलावं लागतं, ते केलं.

इथे वेळेबद्दल सांगितलंच पाहिजे. सिलिंडरमध्ये खारं पाणी गेल्याचं कळलं तर घड्याळ तासांत चालतं. इग्निशन तोडून, प्लग काढून इंजिन फिरवायचं, पाणी उडवून लावायचं, प्रत्येक भोकात ऑईल मारायचं, ऑईल बदलून त्याच दिवशी इंजिन चालवून गरम करायचं. पहिल्या ‘टक्’च्या दिवशी हे झालं असतं तर हेड उतरवावं लागलं नसतं. मधल्या काळात बॅटरी आणि स्टार्टर यांच्यात जो वेळ गेला त्याने मॅनिफोल्डचं काम इंजिनाचं काम झालं.

मॅनिफोल्डसाठी डॉक्टरांसमोर पर्याय होते. सांधा मशीनवर तासून जुनंच वापरणं मी नाकारलं. मऊ झालेलं बीड तासलं की खाली चांगलं लागेलच याची खात्री देता येत नाही, आणि पट्टी आणखी कमकुवत होते. चकचकीत स्टेनलेसचे हेडर (मॅनिफोल्डऐवजी बसणारे नळ्यांचे संच) बसवायची त्यांची मनापासून इच्छा होती. स्टेनलेस गंजत नाही हा समज इथे खोटा पडतो. 316एल हा चांगला दर्जा आहे, पण साधारण 60 अंशांच्या वर खाऱ्या पाण्यात त्यालाही ताणाखाली तडे जाऊ शकतात, आणि फटींत, वेल्डच्या कडेला खड्डे पडतात. ते हेडर वजनाने हलके आणि शर्यतीच्या बोटींसाठी उत्तम असतात. मांडव्याला मुरिंगवर उभ्या राहणाऱ्या कुटुंबाच्या बोटीला मी ते सुचवणार नाही.

बंद कूलिंगचाही विचार झाला, म्हणजे इंजिनात कूलंट फिरवायचा आणि समुद्राचं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमधून न्यायचं. यात एक गोष्ट ग्राहकांना नीट सांगितली जात नाही. अर्ध्या पद्धतीत कूलंट फक्त ब्लॉकमध्ये फिरतो, मॅनिफोल्डला खारं पाणीच मिळतं. पूर्ण पद्धतीत मॅनिफोल्ड वाचतात, तरी रायझरमध्ये समुद्र राहतोच. ‘फ्रेश वॉटर कूल्ड’ असं लिहिलेली बोट घेताना यातलं कुठलं, हे होजचा माग काढून पाहावं.

शेवटी ‘कोरड्या’ सांध्याचं नवं बिडी मॅनिफोल्ड आणि एल्बो, दोन्ही बाजूंचे पूर्ण संच बसवले. यात धुराचा सांधा आणि पाण्याचा सांधा एकमेकांपासून वेगळे असतात, मध्ये उघडी हवा. पॅकिंग गेलं तर पाणी बाहेर, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी) ठिबकतं, डोळ्यांना दिसतं, सिलिंडरमध्ये जात नाही. जुन्या मॅनिफोल्डवर नवा एल्बो असं मिसळून चालत नाही, संचच लागतो, आणि सुटे भाग बाहेरून मागवायचे तर वाट पाहावी लागते. आयुष्य काही वर्षं जास्त मिळेल, पण त्याहून मोलाचं म्हणजे गळती लपून राहणार नाही.

झिंकच्या काड्या (स्वतः गंजून शेजारचा धातू वाचवणाऱ्या) बसवल्या तर मॅनिफोल्ड वाचेल का, असं त्यांनी विचारलं. नाही. झिंकचं संरक्षण बंद नळीत फार आतवर पोहोचत नाही. ते ड्राइव्हसाठी ठेवावं.

आता बोटीला फ्लशिंगचा व्हॉल्व्ह आहे. आठवड्याची शेवटची फेरी झाली की मुरिंगवरच गोडं पाणी जोडून इंजिन गरम होऊन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवायचं असं ठरलं आहे. थंड इंजिनात दोन मिनिटं पाणी फिरवलं तर ब्लॉकमधलं मीठ जागेवर राहतं. पाणी जोडण्याची सोय नसेल त्या आठवड्यात निदान जेट्टीला लावून हे करायचं. आगोटीला ड्रेन प्लग काढून प्रत्येक भोकात तार घालायची, पाणी आल्याशिवाय प्लग परत लावायचा नाही, आणि मागची एक्झॉस्टची तोंडं बंद करायची म्हणजे पावसाची हवा आत फिरणार नाही. तांडेलाच्या वहीत तासांच्या शेजारी आता मॅनिफोल्ड बसवल्याची तारीख लिहिलेली आहे. तिसऱ्या वर्षी एल्बो उतरवून बघायचे, त्यानंतर दर आगोटीला. ओला सांधा असता तर मी तिसऱ्या वर्षी उघडायला आणि पाचव्या वर्षी, कसाही दिसला तरी, टाकून द्यायला सांगितलं असतं.

सातव्याचं कॉम्प्रेशन परत 150 वर आलं आहे. उजव्या बाजूचं हेड आम्ही उतरवलं नाही. तिथे गळती नव्हती आणि आकडे चांगले होते. पण प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तेव्हा आठव्याच्या भिंतीवर गंजाची एक फिकट रेघ दिसली. तिचा फोटो काढून ठेवला आहे. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरवण्याआधी परत कॅमेरा घालून दोन्ही फोटो शेजारी ठेवायचे, आणि रेघ वाढलेली असेल तर उजवं हेडही उतरवायचं, असं डॉक्टरांशी बोलणं झालं आहे.